जिप्सी जॅझमध्ये धून संपवायची कशी? नव्या वादकांसाठी पायरीपायरीने

धून सुरू होते झोकात, सोलोही बरे होतात, आणि शेवटाला दोघं थांबतात, तिसरा पुढची फेरी धरतो, बास एकटाच चार मात्रा पुढे जाऊन ओशाळून थांबतो. नव्या जिप्सी जॅझ बॅण्डमध्ये हे हमखास होतं. कारण वाजवण्यातली कच्चाई नसते. चौघांनाही शेवट येत असतो, पण चौघांना चार वेगळे शेवट येत असतात.

या संगीतात हा घोळ इतर जॅझपेक्षा जास्त होतो, कारण इथे ड्रम नसतो. १९३४ साली पॅरिसमध्ये उभ्या राहिलेल्या क्विंटेट द्यु हॉट क्लब द फ्रान्सचा साचा आजही चालतो: जँगो रेनहार्टची लीड गिटार, स्तेफान ग्राप्पेलीचं व्हायोलिन, दोन रिदम गिटार आणि एक डबल बास. ड्रमवाला एरवी शेवटाआधी एक रोल वाजवून सगळ्यांना सावध करतो. ते काम इथे रिदम गिटार आणि बासला करावं लागतं. म्हणून हा लेख लीडवाल्यांपेक्षा रिदमवाल्यांसाठी जास्त आहे.

नावाबद्दल एक खुलासा. ज्यांचं हे संगीत, ते स्वतःला मानूश, सिंती, रोमा म्हणवतात, आणि ‘जिप्सी’ हा शब्द त्यांतल्या अनेकांना खटकतो. फ्रान्समध्ये याला जॅझ मानूश म्हणतात. त्यांच्या रोमानी भाषेचं मूळ भारतात आहे. तिच्यातले आकडे येख, दुई, त्रिन, श्तार, पांज असे जातात. धून सुरू करताना मोजायला आपल्याला जड जाऊ नयेत.

हाताशी काय असावं

- एक खिशात मावणारी वही, चार रकाने आखलेली: धून, पट्टी, फॉर्म, शेवट. चौथा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतोच.
- मेट्रोनोम. फोनमधला चालेल.
- फोनचा रेकॉर्डर. शेवट आपण कसा केला हे वाजवताना कळत नाही, ऐकताना लगेच कळतं.
- बसण्याची अशी रचना की प्रत्येकाला लीडवाल्याचा चेहरा आणि गिटारची मान दिसेल. एका ओळीत प्रेक्षकांकडे तोंड करून बसलात तर खालच्या निम्म्या सूचना वाया जातील. अर्धवर्तुळ करा.

फ्रेटचे आकडे खाली दिले आहेत ते जाड तारेपासून बारीक तारेकडे वाचा. × म्हणजे ती तार वाजवायची नाही.

१. आधी फॉर्म मोजा

चार मात्रांचा एक बार, आणि ठरावीक बारांची एक पूर्ण फेरी म्हणजे कोरस. तबल्याची सवय असेल तर आवर्तन समजा. बहुतेक धुना ३२ बारांच्या असतात. त्यांत काही अ-अ-ब-अ अशा आठ-आठ बारांच्या, तर काही ‘ऑल ऑफ मी’सारख्या अ-ब-अ-क. ‘मायनर स्विंग’चा सोलो १६ बारांवर फिरतो, ब्लूज १२ वर.

शेवट ओळखायचा तर ‘आता ३२पैकी कितव्या बारात आहोत’ हे झोपेतही सांगता यायला हवं. पहिली पायरी म्हणून रेकॉर्डिंग लावा आणि गिटार न धरता फक्त अ, अ, ब, अ असं मोठ्याने म्हणत जा. तीन कोरस न चुकता म्हणता आले की पुढे सरका.

वेगाचं गणितही पाहून ठेवा. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत एक बार बरोबर एका सेकंदात संपतो, म्हणजे ३२ बार ३२ सेकंदांत. शेवटच्या दोन बारांत कुणी डोळ्यांनी खुणावलं, तर बाकीच्यांच्या हातात दोन सेकंद उरतात. तेवढ्यात काही होत नाही. खूण १६ बार आधी, म्हणजे अ-अ-ब-अ धुनेत ब भाग सुरू होतानाच, व्हायला हवी.

२. शेवट कोण ठरवणार, आणि कसं सांगणार

ज्याने धून सुचवली तो शेवट ठरवतो. यावर चर्चा नको. सुरू करण्याआधी त्याने एवढंच बोलायचं: ‘जी, मध्यम लय, शेवटी टॅग तीनदा.’ (टॅग म्हणजे शेवटची ओळ पुन्हा पुन्हा म्हणणं.) पाच सेकंदांचं हे वाक्य न बोलल्यामुळे जितक्या धुना आपटतात, तितक्या चुकीच्या कॉर्डमुळेही आपटत नाहीत.

एका धुनेचा प्रवास साधारण असा असतो: मूळ धून, मग एकेकाचे सोलो, मग चार-चार बारांचा सवाल-जवाब, परत मूळ धून, शेवट. मूळ धुनेला हेड म्हणतात. आपला मुखडाच म्हणा, फक्त तो संबंध कोरसभर पसरलेला. वाजवताना तोंडाने बोलून उपयोग नसतो, म्हणून खुणा:

- डोक्यावर हात ठेवला: पुढच्या कोरसला हेडवर परत.
- चार बोटं दाखवली: चार-चारचा सवाल-जवाब.
- मूठ वळली: इथे संपतंय.
- गिटारची मान वर उचलून झटक्यात खाली आणली: हा शेवटचा ठोका. दोन्ही हात गुंतलेले असताना हीच खूण कामाला येते, आणि या बॅण्डांमध्ये तीच सगळ्यात जास्त दिसते.

हवेत बोट गोल फिरवण्यापासून जपून राहा. कुणासाठी त्याचा अर्थ ‘आणखी एक कोरस’, तर कुणासाठी ‘टॅग पुन्हा’. अनोळखी लोकांत वाजवणार असाल तर आधी विचारून घ्या.

सवाल-जवाबातला एक सापळा. ३२ बारांत चार-चारचे आठ तुकडे बसतात. दोघं किंवा चौघं असतील तर वाटणी सरळ होते. तिघं असतील तर दोघांना तीन-तीन येतात आणि तिसऱ्याला दोनच. मग तिसरा वादक आपला राहिलेला तुकडा वाजवू लागतो आणि त्याच वेळी इतरांनी हेड धरलेलं असतं. इथे न्याय बघायचा नाही. कोरस संपला की हेड सुरू, तुकडा कुणाचाही राहो.

संथ धुनेत आणखी एक सोय आहे. ७० च्या लयीत ३२ बारांना जवळपास एक मिनिट पन्नास सेकंद लागतात. चार सोलो झाल्यावर एवढं हेड पुन्हा ऐकायचा श्रोत्यांनाही कंटाळा येतो. मग फक्त ब आणि शेवटचा अ घेतात. ‘ब पासून’ हे मात्र आधी ठरलेलं हवं, नाहीतर अर्धे लोक पहिल्या अ वर असतील.

३. पहिला शेवट: एकच ठोका

हा एक जरी पक्का झाला तरी वर्षभर चालेल. हेड संपतं, मुख्य सुराची कॉर्ड सगळे एकदम एकाच मात्रेवर वाजवतात आणि आवाज तोडतात.

मेजर धुनेत ही कॉर्ड साधी मेजर नको, सिक्स-नाइन घ्या. जी पट्टीत (हार्मोनियमवरची पांढरी पाच) जी सिक्स-नाइन: ३-२-२-२-३-३. सी मध्ये (पांढरी एक): ×-३-२-२-३-३. जॅझची पुस्तकं वाचून आलेले वादक इथे हौसेने मेजर सेव्हन लावतात. सोलोवाला शेवटी बहुधा सा वरच येऊन थांबतो आणि मेजर सेव्हनमधला शुद्ध नी त्या सा ला अर्ध्या सुरावरून घासतो. सिक्स-नाइनमध्ये ध आणि रे आहेत. ते कुणाशीच भांडत नाहीत.

दोन रिदम गिटार असतील तर दोघांनी एकच जागा धरू नये. एकाने वरची ३-२-२-२-३-३ घ्यावी, दुसऱ्याने ×-१०-९-९-१०-१०. त्याच कॉर्डची ही उंच जागा; आवाज जाड होण्याऐवजी पसरतो.

आता ठोका तोडायचा कसा. ला पोंप या इथल्या नेहमीच्या रिदममध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेनंतर डावा हात दाब सोडून तारा गप्प करत असतोच. शेवटच्या ठोक्यालाही तेच: बोटं तारांवरून उचलायची नाहीत, फक्त दाब सोडायचा. बोटं पूर्ण उचलली की मोकळ्या तारा ‘झंऽऽ’ करतात आणि सगळा नेमकेपणा जातो. बासने उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवायचा. बासचा आवाज गिटारपेक्षा जास्त वेळ रेंगाळतो. बाकी चौघं गप्प झाल्यावर तो एकटा उरला की शेवट ओला वाटतो.

तोडायचं की घुमू द्यायचं हेही आधीच ठरवा. साधारण नियम असा की जलद धून तोडायची, संथ घुमू द्यायची.

४. टॅग: तीनदा

सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात जास्त फसणारा शेवट हाच. धुनेची शेवटची ओळ तीन वेळा म्हणायची आणि तिसऱ्यांदा घरी, म्हणजे मुख्य कॉर्डवर, यायचं.

‘ऑल ऑफ मी’ सी मध्ये घ्या. २७व्या बारपासून कॉर्ड अशा येतात: सी, ए सेव्हन, डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, आणि ३१व्या बारला परत सी. टॅग म्हणजे २७ ते ३० हे चार बार तीनदा, मग सी सिक्स-नाइन. टॅगमध्ये २७व्या बारला सी ऐवजी ई मायनर सेव्हन वाजवतात, म्हणजे मध्येच घरी पोचल्यासारखं वाटत नाही.

जलद धुनेत हेच दोन बारांत दुमडतात: ई मायनर आणि ए सेव्हन एका बारात, डी मायनर आणि जी सेव्हन दुसऱ्यात, दोन-दोन मात्रा प्रत्येकी. चार बारांचा की दोन बारांचा, हे न ठरवता टॅग सुरू केला तर दुसऱ्या आवृत्तीतच गाडी रुळावरून उतरते.

तिहाई माहीत असलेल्यांना हे पटकन कळेल: तीन वेळा तेच, आणि तिसऱ्यानंतर सम. फक्त एका बाबतीत तिहाईची सवय इथे नडते. तिहाई तालाच्या आवर्तनात बसवलेली असते, पुढची सम जिथे यायची तिथेच येते. टॅग आवर्तन लांबवतो. ३२ बारांचा कोरस या शेवटाने ४० बारांचा होतो. जो मनात ३२ मोजतोय तो आठ बार आधीच संपवून बसेल.

दुसरा सापळा ‘तीनदा’ या शब्दात आहे. मूळ ओळ धरून तीनदा, की मूळ ओळीनंतर आणखी तीनदा? प्रघात मूळ धरून तीनचा आहे, म्हणजे जादा दोनच. तरीही नव्या मंडळींत एकदा उच्चारून घ्या.

तिसरा सापळा रिदमवाल्यांचा. तिसऱ्या आवृत्तीत उत्साहाने आवाजही वाढतो आणि लयही पळते. आवाज वाढू द्या. लय बासच्या हातात ठेवा, आणि त्याच्याकडे बघा.

५. अर्ध्या सुरावरून उतरणं

हेड जी वर संपलं की क्षणभर थांबून ए फ्लॅट सिक्स-नाइन (४-३-३-३-४-४) आणि लगेच जी सिक्स-नाइन (३-२-२-२-३-३). हाताचा आकार तोच, फक्त एक फ्रेट खाली. शिकायला सर्वांत सोपा आणि ऐकायला सर्वांत खानदानी.

जागा नेमकी ठरवा. एक चांगली मांडणी: ३१व्या बारच्या पहिल्या मात्रेवर जी, मग सगळे गप्प, ३२व्या बारच्या पहिल्या मात्रेवर ए फ्लॅट, दुसऱ्यावर जी, दोन्ही तोडलेले. मधल्या तीन रिकाम्या मात्रांत लीडवाला छोटीशी फिरत टाकू शकतो. बासने पण ए फ्लॅट वाजवलंच पाहिजे. तो जी वरच बसून राहिला तर ती चूक वाटते, शेवट वाटत नाही.

यातलंच एक रूप दोन पायऱ्यांचं: ई फ्लॅट नाइन (×-६-५-६-६-६), डी नाइन (×-५-४-५-५-५), जी सिक्स-नाइन. दमदार धुनांना हे जास्त शोभतं.

६. बासची चढण: सा ग म, तीव्र म, प

हा थोडा तयारीचा. बास सा वरून ग, शुद्ध म, तीव्र म, प असा चढतो आणि गिटार प्रत्येक सुरावर कॉर्ड बदलते. जी पट्टीत एकूण सात ठोके:

१) जी सिक्स-नाइन: ३-२-२-२-३-३
२) जी सेव्हन, खाली बी: ×-२-३-०-३-×
३) सी सिक्स: ×-३-२-२-१-×
४) सी शार्प डिमिनिश्ड: ×-४-५-३-५-×
५) जी, खाली डी: ×-५-५-४-३-×
६) डी सेव्हन: ×-५-४-५-३-×
७) जी सिक्स-नाइन, तोडलेली

मध्यम लयीत एका मात्रेला एक कॉर्ड, म्हणजे ३१ आणि ३२ या दोन बारांत सात ठोके आणि आठवी मात्रा रिकामी. २४० च्या लयीत हे कुणाच्याही हाताला झेपायचं नाही, एका कॉर्डला पाव सेकंद मिळतो. तिथे प्रत्येक कॉर्डला दोन मात्रा द्या. मग शेवटाला चार बार लागतात आणि कोरस दोन बारांनी वाढतो, हे सगळ्यांना माहीत हवं.

इथे बिघडतं ते बहुधा चौथ्या ठोक्यावर. गिटारवाला डिमिनिश्ड विसरून सी वरच थांबतो आणि बास तीव्र म वर गेलेला असतो. आधी बासने एकट्याने दहा वेळा वाजवावं, गिटारवाल्यांनी ते स्वर गाऊन घ्यावेत, मग कॉर्ड. सरगम म्हणता येते त्यांना इथे फुकटची आघाडी आहे.

७. मायनर धुना

मायनरमध्ये शेवटची कॉर्ड मायनर सिक्स. ए मायनर सिक्स: ५-×-४-५-५-×. मायनर सेव्हन वापरलं तर चूक नाही, पण शैलीचा वास जातो.

सर्वांत भरवशाचा शेवट: एफ सेव्हन (१-×-१-२-१-×), ई सेव्हन (०-×-०-१-०-×), ए मायनर सिक्स. एफ आणि ई दोन-दोन मात्रा, ए मायनर पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर.

यापेक्षा झगमगीत हवं असेल तर डिमिनिश्डची शिडी. जी शार्प डिमिनिश्डचा आकार ४-×-३-४-३-×. तोच आकार तीन-तीन फ्रेट वर सरकवायचा: चौथ्यावर, सातव्यावर, दहाव्यावर. दर तीन फ्रेटला तेच चार स्वर फक्त क्रम बदलून येतात, आणि ते ई सेव्हनचेच, मूळ स्वर गाळून वर एफ जोडलेले. ई सेव्हनच्या शेवटच्या बारात पहिल्या तीन मात्रांवर या तीन जागा, चौथी मात्रा रिकामी, पुढच्या बारला ए मायनर सिक्स. चौथी मात्रा रिकामी ठेवायची ती हात दहाव्या फ्रेटवरून पाचव्यावर आणायला. हाव धरून चौथीवरही ठोका टाकलात तर पहिली मात्रा हुकणार.

दोन धुनांबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण जिथे चार जिप्सी जॅझवाले जमतात तिथे या निघतातच.

‘मायनर स्विंग’: १९३७च्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीची धून वेगळी आहे आणि शेवटाची वेगळी. नवे वादक सोलो संपल्यावर सुरुवातीचीच धून पुन्हा धरतात आणि जाणकार शेवटाची. दोन्ही एकदम वाजल्या की काय होतं ते ऐकण्यासारखं नसतं. शेवटाची धून वेगळी पाठ करा, ती कधी धरायची याची खूण ठरवा, आणि रेकॉर्डिंगमध्ये अगदी शेवटी कुणीतरी ‘ओ येऽ’ म्हणतं ते म्हणायचं की नाही तेही. गंमत नाही, एकट्यानेच म्हटलं तर फार केविलवाणं वाटतं.

‘डार्क आइज’, फ्रेंचमध्ये ‘ले झ्यू न्वार’: डी मायनरची ही जुनी रशियन धून १६ बारांत फिरते आणि तिची सुरुवातच ए सेव्हनवर आहे. म्हणजे घराबाहेरून. त्यामुळे सोळावा बार संपला की हात आपोआप ए सेव्हनवर जातो आणि धून परत सुरू होते. अशा धुना स्वतःहून कधीच संपत नाहीत, त्यांना अडवावं लागतं. तेराव्या बारला बी फ्लॅट सेव्हन, चौदाव्याला ए सेव्हन, पंधराव्याला डी मायनर सिक्सचा ठोका, आणि तिथेच हात तारांवर ठेवून बसायचं. सोळावा बार वाजवायचाच नाही.

८. ब्रेक

३१व्या बारच्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांचा एक ठोका, मग बॅण्ड गप्प, लीडवाला एकटा सात मात्रा धावतो, आणि ३२वा बार संपल्यावर पुढच्या पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र. श्रोत्यांना हा फार आवडतो.

जोखीम अर्थात त्या सात मात्रांत. रिदमवाल्यांनी पायाने मोजत राहायचं, ऐकून अंदाज करायचा नाही. आणि लीडवाल्याने एवढ्या जागेत सगळी विद्या ओतू नये. सरळ आठव्या भागाच्या स्वरांची (मात्रेला दोन) चढती ओळ पुरे. तिरकी लय घेतली की बाकीच्यांची मोजणी बिघडते, आणि दोष मात्र रिदमवाल्यांवर येतो.

९. संथ धुना

इथे घाई नाही, म्हणून धोका वेगळा: लय कमी करताना प्रत्येक जण आपापल्या मर्जीने कमी करतो.

क्रम असा ठेवा. शेवटच्या दोन बारांत लीडवाला लय ओढतो. रिदम गिटार त्याच्या हाताकडे बघून मागे येतात, बास सगळ्यात शेवटी. शेवटून दुसऱ्या कॉर्डवर, जी पट्टीत डी सेव्हनवर, सगळे थांबतात आणि ती कॉर्ड घुमू देतात. लीडवाला तिच्यावर मोकळा आलाप घेतो. या वेळात रिदमवाल्यांनी एकही ठोका मारायचा नाही. सवयीने हात पोंप सुरू करतो, त्याला आवरा. मग लीडवाला श्वास घेतो, गिटारची मान थोडी उचलतो, आणि सगळे जी सिक्स-नाइनवर.

ही शेवटची कॉर्ड जाड तारेपासून बारीक तारेकडे सावकाश उलगडत वाजवा. वर लीडवाल्याने बाराव्या फ्रेटवर एखादं हार्मोनिक सोडलं तर झकास. दोन्ही रिदम गिटारनी एकदम उलगडायला घेतलं तर चिवडा होतो, म्हणून एकाने उलगडावी, दुसऱ्याने गप्प बसावं.

१०. वॉल्ट्झ आणि बोसा, थोडक्यात

म्युझेत वॉल्ट्झ (पॅरिसच्या अकॉर्डियन संगीतातले) तीन मात्रांचे आणि बहुधा तीन भागांचे असतात. शेवट पहिल्या भागाच्या अखेरीस होतो, तिसऱ्या भागाच्या नव्हे. स्वरलिपीवर ‘फिने’ (इथे शेवट) लिहिलेलं असेल तिथे पेन्सिलने गोल करा. शेवटून दुसऱ्या बारच्या तिसऱ्या मात्रेवर पंचमाची सेव्हन कॉर्ड, शेवटच्या बारच्या पहिल्या मात्रेवर घरची कॉर्ड. बस.

ब्राझीलच्या बोसा नोव्हा ढंगाच्या धुनांत शेवटी दोन कॉर्ड फिरवत ठेवतात आणि लीड वर खेळत राहतो. हे फिरणं थांबवायचं कुणी, हा प्रश्न कायम उरतो. आकडा ठरवा: चार फेऱ्या, पाचव्याच्या पहिल्या मात्रेवर ठोका. हळूहळू आवाज कमी करत नेणं रेकॉर्डिंगमध्ये जमतं. चार माणसांना समोरासमोर बसून जमवायला वर्षं लागतात.

११. तरीही फिसकटलं तर

- एक जण पुढे वाजवत राहिला असेल तर त्याला एकटं सोडू नका. सगळ्यांनी पुढच्या बारपासून त्याला सामील व्हा, टॅगच्या कॉर्ड धरा आणि चार बारांत संपवा. श्रोत्यांना तो ठरवलेलाच जादा टॅग वाटतो.
- सगळे वेगवेगळ्या क्षणी घरी पोचले असतील तर मुख्य कॉर्डवर पिकने भराभर खालीवर घासत राहा, दोन-तीन सेकंद, आवाज वाढवत. लीडवाला मान खाली आणेल तेव्हा तोडा. कुठलाही विस्कटलेला शेवट याने सावरतो. पण एका संध्याकाळी दोनदाच, तिसऱ्यांदा लोक ओळखतात.
- गोंधळात कॉर्डच्या कागदाकडे बघू नका. कागद ३२ बारच सांगतो. बासकडे बघा.

१२. सरावाचा वेळ

बहुतेक बॅण्ड तालमीत धून पहिल्यापासून वाजवतात, त्यामुळे सुरुवात पन्नासदा होते आणि शेवट पाचदा. उलटं करा. थेट २५व्या बारपासून सुरू करून शेवटाचा ठोका मारा, परत २५वर या. एका शेवटाला दहा आवृत्त्या, १२०, १८० आणि २२० अशा तीन लयींत. मेट्रोनोम निम्म्यावर लावा (१८० साठी ९०) आणि त्याचा टक दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ऐका. पोंपचा जोर तिथेच असतो.

जुन्या रेकॉर्डिंगवरून शेवट उचलायचे तर एवढं ध्यानात असू द्या की ७८च्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असे. त्यामुळे ते शेवट आखीव आणि आखूड आहेत. आठ मिनिटं रंगलेल्या धुनेला तेवढाच शेवट तुटक वाटू शकतो. तिथे टॅग लावा. शिवाय एकाच धुनेचे शेवट रेकॉर्डिंगगणिक बदलतात. ‘मायनर स्विंग’ जँगो आणि ग्राप्पेलींनी १९४९ साली रोममध्ये पुन्हा वाजवलं तेव्हा सोबत पियानो आणि ड्रमही होते. वहीच्या चौथ्या रकान्यात म्हणून रेकॉर्डिंगचं सालही लिहा:

ऑल ऑफ मी / सी / ३२, अ-ब-अ-क / चार बारांचा टॅग, मूळ धरून तीनदा, तोडायचं
डार्क आइज / डी मायनर / १६ / पंधराव्यावर ठोका, सोळावा नाही
मायनर स्विंग / ए मायनर / १६ / १९३७ची शेवटाची धून, ओरडायचं सगळ्यांनी

आणि शेवटचा ठोका तोडल्यावर दोन सेकंद हात तारांवरच राहू द्या. लगेच कुणी खुंटी पिळायला घेतली किंवा पुढच्या धुनेची कॉर्ड चाचपली, तर टाळ्या अर्ध्यावर अडतात.